तालुका न्यायालयात दोषी ठरलेला आरोपी खरोखर तुरुंगात कितीदा जातो?

प्रश्नकर्ता
मारहाणीच्या एका खटल्यात फिर्यादीचा नातेवाईक म्हणून मी निकालाच्या दिवशी न्यायालयात हजर होतो. आरोपीला एक वर्ष साध्या कैदेची शिक्षा झाली. मात्र त्याच संध्याकाळी तो गावच्या पारावर बसलेला दिसला. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी दोषींपैकी किती जणांना प्रत्यक्ष तुरुंगात पाठवतात, याची आकडेवारी कोठे मिळेल?

फौजदारी वकील
असा आयता आकडा मिळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात दोषसिद्धीचे प्रमाण असते. पण कोणाला कैद झाली, कोणाला नुसता दंड झाला आणि कोणाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडले, ही विभागणी नसते. आपण पाहिले ते मात्र कायद्याला धरूनच होते. या न्यायालयाला 3 वर्षांहून अधिक कैद देता येत नाही. शिवाय आरोपी आधीपासून जामिनावर असेल, शिक्षा 3 वर्षांपर्यंतची असेल आणि त्याने अपील करण्याचा इरादा सांगितला, तर विशेष कारण नसल्यास शिक्षा देणाऱ्या न्यायालयानेच त्याला अपिलासाठी जामिनावर सोडायचे असते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 430; जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 389). पुढे सत्र न्यायालयातले अपील किती वर्षे चालेल, हे सांगणे कठीण.

निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
निकालपत्रांतील ‘कैद’ हा शब्द मोजूनही उत्तर मिळणार नाही. मटका किंवा दारूच्या किरकोळ खटल्यात आरोपीने गुन्हा कबूल केला, की बहुधा ‘न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दंड’ असा आदेश होतो. तो माणूस मागच्या बाकावर बसून राहतो, चहाला जाऊ का म्हणून पट्टेवाल्याला दोनदा विचारतो, नाझराकडे दंड भरून पावती घेतो आणि संध्याकाळच्या एसटीने घरी जातो. कागदोपत्री हीसुद्धा कैदच! आरोपी 21 वर्षांखालील असेल, तर 1958 च्या परिवीक्षा (चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याच्या) कायद्यानुसार, जन्मठेपेस पात्र गुन्हे वगळता, कैद देण्याआधी न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो आणि कैदेची कारणे नोंदवावी लागतात.

विधी सेवा स्वयंसेवक
वरील दोन्ही उत्तरे जामीन मिळालेल्यांपुरती खरी आहेत. चोरीच्या आरोपातील ज्या मजुराला जामीनदारच मिळत नाही, तो निकालाआधीच कित्येक महिने आत असतो. मग गुन्हा कबूल करून ‘भोगली तेवढी कैद’ हीच शिक्षा पदरात पाडून घेणे त्याला सोयीचे वाटते. 2022 अखेर देशातील तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. माझ्या मते खालच्या न्यायालयांचा तुरुंगवास निकालापेक्षा जामिनाच्या टप्प्यावर अधिक ठरतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. शिक्षा वाढवून मिळावी म्हणून फिर्यादीला अपील करता येईल का?

फौजदारी वकील
नाही. आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तरच पीडिताला अपिलाचा हक्क आहे. अपुऱ्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जाण्याचा अधिकार राज्य शासनाचा असल्याने, निकालाची प्रमाणित प्रत जोडून सरकारी अभियोक्त्यांकडे लेखी विनंती करावी, आणि मुदतीचे बंधन असल्यामुळे ती याच आठवड्यात करावी.