घरी हाय टी, तोही खाजगी शेफ बोलावून : बेळगावात कोणी केलंय का?

मीनू_टिळकवाडी

नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे आणि जरा लवकर पाहिजे. आई-बाबांच्या लग्नाला डिसेंबरात ४० वर्षं होतात. हॉल नको, पंगत नको हे बाबांनी आधीच सांगून टाकलंय, कारण मागे एका मुंजीत त्यांना साडेतीनला पान मिळालं आणि तेव्हापासून हॉल म्हटलं की ते तोंडच फिरवतात. म्हणून मी आणि भावानं ठरवलं की घरीच, मागच्या अंगणात, डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी हाय टी ठेवायचा. माणसं ३६ धरा, त्यात १० तरी सत्तरीच्या पुढची, शेजारचे कन्नड लोक, बाबांचे दोन जैन मित्र सहकुटुंब, आणि पुण्याहून येणारी भाचरं ज्यांना फक्त फोटोत रस आहे.

प्रश्न असे. एक, शेफ इथलाच बघावा की गोव्याहून आणावा? दोन, एका केटररनं पर प्लेट ६५० सांगितलंय, आणि एक मुलगा जो स्वतंत्र शेफ म्हणून काम करतो तो म्हणतो माझी फी वेगळी, सामान तुमच्या खर्चानं, बिलं दाखवतो. कुठलं बरं पडतं? आणि तिसरा प्रश्न खरा अवघड. आई परवापासून एकच वाक्य म्हणत्येय, "चहाला बोलवायचं आणि सातला माणसं उपाशी घालवायची, हे कुठलं गं नवीन?" हिला काय सांगू?

खानापूरचा_बाळू

ताई एवढं टेन्शन कशाला घेऊलालीस. चुरमुऱ्यांचं गिरमिट, मिरची भजी आणि वर गोड कुंदा. ३६ काय ६० माणसं खूश. शेफ कशाला लागतोय की ह्याला.

मीनू_टिळकवाडी

बाळूदा, भजी तळायला बसले की मी स्वतःच्या आईबाबांच्या कार्यक्रमात स्वयंपाकघरातच राहणार, म्हणून शेफ. गिरमिट मात्र नक्की ठेवणार.

शब्दवेडा

एक दुरुस्ती, राग मानू नका. तुम्ही जे करताय तो हाय टी नव्हेच, आफ्टरनून टी. तो १८४० च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांच्यामुळे रूढ झाला असं सांगतात, दुपारचं जेवण आणि रात्रीचं उशिराचं जेवण यांच्या मधे भूक लागायची म्हणून चहा, ब्रेड, केक. हाय टी म्हणजे कामगारांचं संध्याकाळचं जेवण, मांस, बटाटे, ब्रेड आणि सोबत चहा, उंच टेबलावर बसून खायचं म्हणून हाय असं एक स्पष्टीकरण आहे. नाजूक सँडविच आणि स्कोनला (छोट्या गोल गोडसर पावाला) हाय टी म्हणणं तिकडे चूक धरतात.

शहापूर_पेठ

आमच्याकडे हाय टी म्हणजे चारच्या मीटिंगला एक समोसा, दोन बिस्किटं आणि थर्मासातला कडवट चहा. त्या हिशोबानं मीनूताई जे करताय ते राजवाड्यातलंच आहे, नाव काहीही द्या.

मीनू_टिळकवाडी

@शब्दवेडा राग कसला, आईला हेच सांगितलं. "बघ, मूळ हाय टी म्हणजे जेवणच." ती म्हणाली मग जेवणच कर की.

कॅम्पातली_काकू

मीनू बाळ, मी गेल्या वर्षी नवऱ्याच्या रिटायरमेंटला अगदी हेच केलं, ४० माणसं, घरी शेफ. जे कळलं ते सांगते, लांब होईल.

आधी आईचा प्रश्न. आई बरोबर बोलत्येय. आपल्याकडे पाचला बोलावलेला माणूस जेवूनच जायचं अशा हिशोबानं येतो, घरी भातसुद्धा लावत नाही. त्यामुळे निमंत्रणातच लिही, "४ ते ६, चहा-फराळ". फराळ हा शब्द घातलास की कोणी रुसत नाही. आणि पदार्थ असे ठेव की घरी जाऊन नुसता ताकभात खाल्ला तरी चालेल. माणशी ७-८ घास धरायचे, घास म्हणजे दोनदा तोंडात घालून संपेल एवढा. त्यातले ३ सँडविचचे, २ गरम काहीतरी, १ स्कोन, २ गोड. ह्याहून जास्त ठेवलं की उरतं, कमी ठेवलं की म्हातारी मंडळी काही बोलत नाहीत पण पुढच्या वर्षी आठवण काढतात.

सँडविचचा हिशोब शेफकडून मागून घे, नाहीतर अंदाजे ब्रेड आणून ठेवतात. ३६ माणसं, माणशी ३ फिंगर (बोटाएवढ्या पट्ट्या) म्हणजे १०८. एका सँडविचची कड काढून ३ फिंगर होतात, म्हणजे ३६ सँडविच, म्हणजे ७२ स्लाईस. मोठ्या लोफात २०-२२ स्लाईस निघतात, तेव्हा चार लोफ. कॅम्पातल्या बेकरीला आदल्या दिवशी सांगून बिनकापलेला लोफ घे, ताजा ताजा कापला की दबतो, एक दिवसाचा सुरेख कापला जातो. कापून झाल्यावर ओल्या मलमलच्या फडक्याखाली ठेवायचे, नाहीतर आपल्या डिसेंबरच्या कोरड्या हवेत अर्ध्या तासात कडा वर वळतात. माझे वळले होते. मी स्वतः उलटे करून मांडले शेवटी, कोणाला कळलं नाही.

क्लॉटेड क्रीम इथे मिळत नाही, त्यामागे धावू नकोस. घरच्या म्हशीच्या दुधाची साय दोन दिवस जमवून थोडी पिठीसाखर घालून फेटली की स्कोनवर तीच छान लागते. आमच्या शेफनं आधी नाक मुरडलं, मग स्वतःच दोनदा घेतली.

आणि आता खरी गोष्ट. शेफ सगळं करतो, चहा करत नाही. हे मला तीन वाजता कळलं. त्याच्या कोटेशनमधे चहाचा उल्लेख होता "टी सर्व्हिस", म्हणजे कप मांडणं. चहा कोण करणार ते आत्ताच ठरव.

उद्यमबाग_फिटर

काकूंचं शेवटचं वाक्य सोन्याचं. मी माझ्या बाजूनं वायरिंगचं सांगतो कारण तेच माझं काम. दोन वर्षांपूर्वी मेहुण्याकडे असाच कार्यक्रम होता, गोव्याहून शेफ आला, चोर्ला घाटातनं यायला उशीर झाला तो झालाच, पण आला तो स्वतःचा २००० वॉटचा ओव्हन घेऊन आला आणि तो मिक्सरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटला लावला, शेजारी इलेक्ट्रिक किटली, त्याच बोर्डावर फ्रीज, आणि बरोब्बर पाहुणे आत येताना एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप बंद होणारा खटका, पडला, लावला की पडतोय, लावला की पडतोय, आणि स्कोन ओव्हनमधे अर्धे कच्चे. शेवटी मी ओव्हन बाथरूमबाहेरच्या गीझरच्या पॉइंटवर नेऊन लावला. पाहुण्यांनी स्कोन बाथरूमच्या दाराशी भाजलेले खाल्ले, त्यांना अजून माहीत नाही.

तर, ओव्हन आणि किटली दोन्ही १६ अँपिअरच्या पॉइंटवर आणि वेगवेगळ्या लाईनवर. जुनं घर असेल तर आधी कोणाला तरी दाखवून घ्या. घरगुती इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही, लाईट गेली तर काय हे शेफला आधीच विचारा. शहाणा असेल तर स्कोन सकाळी भाजून आणतो आणि फक्त गरम करतो.

पद्मा_चिकोडी

जैन मित्र आहेत असं लिहिलंय म्हणून सांगते. आमच्यातले बरेच लोक सूर्यास्तानंतर खात नाहीत. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास मावळतो. पाचला सुरू केलंत आणि भाषणं झाली तर ते दोघे नुसते हात जोडून बसतील. चारलाच सुरू करा आणि खाणं आधी, सत्कार नंतर.

दुसरं, अंडं नाही एवढं सांगून भागत नाही. चीजकेक आणि मूसमधे (फेसाळ क्रीमचं गोड) बरेचदा जिलेटिन असतं, ते प्राण्याचं. समुद्री शेवाळाचं अगर-अगर वापरायला सांगा. मॅकरॉनमधे अंड्याचा पांढरा असतोच. स्कोनवर चकाकी यायला अंडं लावतात, त्याऐवजी दूध लावतात. बटाटा, कांदा, लसूण नसलेली एक ट्रे वेगळी, आणि तिला चमचा वेगळा. काकडी-पुदिना सँडविच आणि केळ्याचे वेफर्स एवढं असलं तरी आम्ही आनंदानं येतो हो.

मीनू_टिळकवाडी

पद्माताई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं, मी साडेपाच ठरवून बसले होते. वेळ बदलली. जिलेटिनचं त्या शेफला विचारलं तर तो दोन सेकंद गप्प बसला, मग म्हणाला "मॅडम, मूस काढून टाकतो."

हलग्याजवळचा

डिसेंबर म्हणताय तर अधिवेशनाची तारीख बघितलीत का? कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथल्या सुवर्णसौधला लागलं की गावातल्या लॉजची एक खोली मिळत नाही, भाड्याच्या गाड्या मिळत नाहीत, केटरर पण तिकडेच. पुण्याची भाचरं आणि गोव्याचा शेफ कुठे झोपणार? त्यात तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. शेफ इथलाच घ्या, रात्री स्वतःच्या घरी जातो. खुर्च्या आणि कपबशा आत्ता सांगून ठेवा.

कॅम्पातली_काकू

आणि कपबशा भाड्याच्या घेशील तर मोजून घे, ३६ ला ५० तरी. लोक दुसऱ्या चहाला नवीन कप घेतात.

नाना_हिंदवाडी

पर प्लेट की फी, ह्याचं कोणी बोललंच नाही. मी हिशोबात मुरलेला माणूस. पर प्लेटमधे केटरर ठरलेलं आणतो, दहा माणसं कमी आली तरी पैसे तेवढेच. फी आणि सामान असेल तर शेफ चांगलं लोणी, चांगलं चीज वापरतो कारण पैसे त्याचे नाहीत, पण तुम्ही पण लक्ष ठेवायचं. कागदावर पाच गोष्टी घ्या: कोण कोण येणार, किती तास, भांडी कोण घासणार, उरलेलं कोणाचं, ॲडव्हान्स परत कधी. आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या परवान्याचा, १४ आकडी नंबर मागा, खाणं विकणाऱ्याकडे तो असायला हवा. आमच्या एका नातलगानं भांड्यांचं विचारलं नाही, रात्री ११ पर्यंत सुना घासत होत्या. कोणत्या केटररकडनं ते विचारू नका, सांगणार नाही.

खानापूरचा_बाळू

नाना, सुना का? मुलगे कुठं गेलते?

नाना_हिंदवाडी

मुलगे खुर्च्या मोजत होते.

शहापूर_पेठ

चहाचा उपाय सांगतो. शेफ नको, कॅन्टीनचा माणूस हवा. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड अण्णा आहेत, आयुष्यभर ऑफिसच्या कॅन्टीनात चहा केला, ३६ माणसांना चहा म्हणजे त्यांना डाव्या हाताचं काम. असं माणूस प्रत्येक पेठेत असतं. माणशी दीड कप, १२० मिलीचा कप, म्हणजे साडेसहा लिटर चहा. एकदम करायचा नाही, तीन खेपा करायच्या, थर्मासात अर्ध्या तासानंतर चहा मरतो. आलं दुधात टाकायचं नाही, आधी पाण्यात उकळायचं, नाहीतर दूध फाटायची भीती. दार्जिलिंग ठेवणार असाल तर पाणी खळखळ उकळतं नको, जरा निवल्यावर पत्ती घालून तीन मिनिटं, आणि दूध नाहीच. कन्नड मंडळींसाठी एका छोट्या फिल्टरमधे कॉफीचं डिकॉक्शन सकाळीच लावून ठेवा.

मीनू_टिळकवाडी

(तीन आठवड्यांनी)

झालं एकदाचं. इथलाच मुलगा घेतला, तो फी आणि सामानवाला. ३६ चे ४१ झाले, पुण्याच्या भाचरांनी मित्र आणले. सँडविच पुरले कारण काकूंच्या हिशोबावर मी गुपचूप एक लोफ जास्त घेतला होता. ओव्हन वॉशिंग मशीनच्या पॉइंटवर. जैन काकांनी साडेपाचपर्यंत खाऊन घेतलं आणि मग बाबांच्या जुन्या गोष्टी ऐकत बसले.

फजिती एक झाली. शेफनं कुंदा छोट्या टार्टमधे भरून वर काजूचा तुकडा लावला होता, दिसायला फार सुंदर, पण टार्टचं कवच इतकं कडक की बाबांच्या मामांनी कवच बाजूला ठेवून चमच्यानं कुंदा खाल्ला आणि मग सगळ्या म्हाताऱ्यांनी तेच केलं. शेवटी बशीत २७ रिकामी कवचं. शेफ लांबून बघत होता बिचारा.

पण लोकांनी विचारलं ते फक्त चहाबद्दल. आमच्या मागच्या गल्लीत खरंच एक अण्णा सापडले. त्यांनी अंगणातल्या कुंडीतला गवती चहा बघितला, दोन पाती तोडून हातावर चुरगाळली, वास घेतला आणि मला म्हणाले, "इदु साकु, मसाला बेड." हेच पुरे, मसाला नको. तिसऱ्या खेपेला शेफ पण स्वतःचा कप घेऊन रांगेत उभा होता.

आईनं सातला सगळ्यांना विचारलंच, "पिठलं-भात टाकू का?" नऊ जण थांबले.

पद्मा_चिकोडी

शेफचा नंबर देणार का? आणि अण्णांचा?

मीनू_टिळकवाडी

शेफचा खाजगी निरोपात पाठवलाय. अण्णा म्हणाले विचारून सांगते म्हण, त्यांना संक्रांतीपर्यंत वेळ नाही.