क्युप्रेटमध्ये इलेक्ट्रॉनांच्या जोड्या चुंबकत्वच जुळवतं!

ताम्रपट: क्युप्रेट म्हणजे तांबं-ऑक्सिजनचे थर असलेले पदार्थ. त्यांतली अतिसंवाहकता, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी जोड्या करून विरोधाशिवाय वीज वाहणं, चुंबकत्वातूनच येते, आणि तरीही ती 'अनेक शक्यतांपैकी एक' म्हणून शिकवली जाते हे मला पटत नाही. लँथॅनम कॉपर ऑक्साइड घ्या. तांब्याच्या प्रत्येक अणूमागे एक विजोड इलेक्ट्रॉन, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने हा धातू हवा. निघतो विद्युतरोधक! एका जागी दोन इलेक्ट्रॉन आले तर प्रतिकर्षण इतकं की कुणी हलतच नाही. शेजारचे स्पिन (इलेक्ट्रॉनांची चिमुकली चुंबकं) मात्र एकमेकांच्या उलट दिशेला लागतात आणि ही शिस्त साधारण ३२५ केल्व्हिनपर्यंत टिकते. त्यांच्यातली ओढ सुमारे १३० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, तापमानात सांगायचं तर १५०० केल्व्हिन. लँथॅनमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम घातलं की होल (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) येतात, शिस्त मोडते, आणि तिथून जवळच अतिसंवाहकता सुरू होते. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसननी १९८७ मध्येच मांडलं होतं की स्पिनच्या जोड्या आधीपासून जुळलेल्या असतात. होल आले की त्याच जोड्या वीज वाहतात. पुढे १९९४ च्या तीन स्फटिकांच्या प्रयोगाने जोड्यांचं रूप डी-वेव्ह, म्हणजे चार पाकळ्यांचं आणि दिशेनुसार चिन्ह बदलणारं, असल्याचं दाखवलं. प्रतिकर्षणातून जोडी जुळायची तर असंच रूप अपेक्षित होतं.

जालक: डी-वेव्ह म्हणून फोनॉन (साध्या अतिसंवाहकांत जोड्या जुळवणारी अणूंची कंपनं) बाद, ही घाई झाली. प्रकाशउत्सर्जनाच्या प्रयोगात २००१ साली अनेक क्युप्रेटमध्ये इलेक्ट्रॉनांच्या वेगात जो बाक दिसला, तो फोनॉनच्या ऊर्जेपाशीच आहे. डोपिंग (भेसळीने आलेल्या होलचं प्रमाण) कमी असताना ऑक्सिजनचा समस्थानिक बदलला तर अतिसंवाहकता सुरू होण्याचं तापमानही सरकतं. माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. २०१३ च्या क्ष-किरण प्रयोगांत जास्त डोपिंगच्या, अतिसंवाहकता पूर्ण संपलेल्या नमुन्यातही चुंबकीय लहरी जवळपास तितक्याच जोमात सापडल्या. कारण शिल्लक आणि परिणाम गायब, असं कसं?

ताम्रपट: कारण त्या क्ष-किरणांना प्रतिलोहचुंबकत्वाच्या, म्हणजे त्या उलटसुलट स्पिनच्या शिस्तीच्या, मुख्य तरंगसदिशाजवळचा (लहरीची लांबी आणि दिशा सांगणाऱ्या राशीजवळचा) भाग दिसत नाही. तिथे न्यूट्रॉनच लागतात. आणि न्यूट्रॉनने पाहिलं तर कमी ऊर्जेच्या लहरी जास्त डोपिंगला अतिसंवाहकतेबरोबरच विरत जातात.

गणिती: तुम्ही दोघं प्रयोगांवर भांडताय, पण प्रारूपाचं काय? मी हबर्डच्याच बाजूचा आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या उड्या आणि एका जागीचं प्रतिकर्षण एवढंच धरणाऱ्या प्रारूपाच्या; म्हणूनच बोलतो. १/८ डोपिंगला साध्या हबर्ड प्रारूपात पट्ट्यांची अवस्था (होल ओळींत गोळा होतात ती) सर्वात कमी ऊर्जेची ठरते, हे २०१७ मध्ये वेगवेगळ्या पद्धतींनी एकमुखाने सांगितलं. २०२० मध्ये तर फक्त शेजारउडीच्या (लगतच्या अणूवरच उडी) प्रारूपात, क्युप्रेटला साजेशा प्रतिकर्षणाला, अतिसंवाहकता सापडलीच नाही. कर्णउडी (चौकोनाच्या कर्णावरच्या अणूवर उडी) घातली तेव्हा कुठे, २०२४ च्या गणितात, ती पट्ट्यांसोबत दिसली. या अवस्थांच्या ऊर्जेतला फरक उडीच्या ऊर्जेच्या शेकडा एखादाच! इतक्या बारीक तराजूवर 'चुंबकत्वच' म्हणून ठणकावू नका.

ताम्रपट: २०२० चं गणित मला टोचतं, हे मान्य. पण कर्णउडी ही काही फोनॉन नव्हे, त्याच इलेक्ट्रॉनांची चाल आहे. आणि २०२२ चा बिस्मथ क्युप्रेटवरचा प्रयोग बघा. त्या स्फटिकात मुळातच लाटा असतात. तांब्याच्या वरच्या ऑक्सिजनचं अंतर बदलेल तशी इलेक्ट्रॉनला ऑक्सिजनवरून तांब्यावर जायला लागणारी ऊर्जा बदलते, आणि जोड्यांची घनता त्याच तालात, पण उलट दिशेने, वरखाली होते. स्पिनमधली ओढ ठरते ती याच ऊर्जेवरून.

जालक: ऑक्सिजन सरकला की फक्त तीच ऊर्जा बदलते का? कर्णउडी बदलते, कंपनंही बदलतात. अंतर कायम ठेवून एकटी ओढ बदलून दाखवा, मी बाजू बदलतो.