आईच्या पिशवीत गाठ निघाली, पिशवी काढायलाच लागते का?

विडीघरकुलची_लेक:
नमस्कार. आम्ही कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो, आई ४६ वर्षांची आहे, विड्या वळते. गेले सात-आठ महिने तिची पाळी दहा-दहा दिवस चालतीय, गाठी पडतात, पण तिनं कुणाला सांगितलंच नाही. मांडीवरचं सूप खाली ठेवून उठताना साडी बघितली तेव्हा मला कळालं. सोनोग्राफीत फायब्रॉईड लिहिलंय, इंट्राम्युरल (म्हणजे पिशवीच्या भिंतीत), ५.८ सेमी. हिमोग्लोबिन ७.४ आलंय. एका खाजगी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून लगेच सांगितलं की पुढच्या आठवड्यात पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. तेव्हापासून आई नीट जेवत नाही. शेजारच्या मावशी म्हणतात चिरफाड नको, काढ्यानं गाठ विरघळते. कुणाचं ऐकावं कळंना. अनुभव असेल तर सांगा प्लीज.

सातरस्ता_काकू:
बाळा, पहिलं आईजवळ बस आणि सांग की फायब्रॉईड म्हणजे कॅन्सर नाही. पिशवीचा जो स्नायू असतो त्याचीच ती गाठ, लई बायकांना असते, कित्येकींना त्रास नसतो म्हणून कळतही नाही. मला ४२ व्या वर्षी दोन होत्या, मलापण पिशवी काढा म्हणालेले. मी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, त्यांनी आधी दिवसाला पॅड किती लागतात ते विचारलं, मग रिपोर्ट हातात घेतला. मला मिरेना बसवली, दिसायला कॉपर टीसारखी असते पण हळूहळू हार्मोन सोडते आणि रक्तस्राव कमी होतो. पहिले तीन-चार महिने थोडं थोडं डाग जात राहिलं, मी वैतागले होते, नंतर पाळी अगदी नावाला राहिली. पाळी बंद झाल्यावर गाठीपण आकसल्या. माझ्या गाठी लहान होत्या हे मात्र लक्षात ठेव, गाठीनं पिशवी आतून वेडीवाकडी झाली असेल तर मिरेना नीट बसत नाही, निसटते.

वॉर्डातली_सिस्टर:
मी स्त्रीरोग वॉर्डात ११ वर्षं ड्युटी केलीय. ताई, तुमच्या रिपोर्टमधला मला काळजी वाटणारा आकडा ७.४ आहे, ५.८ नाही. आधी रक्त भरून काढायला पाहिजे, सलाईनमधून लोहाची इंजेक्शनं देतात, फारच दम लागत असेल, चक्कर येत असेल तर रक्त चढवतात. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव आवरायला ट्रानेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या देतात, पण आईला कधी पायात वगैरे रक्ताची गुठळी झालेली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, मनानं आणू नका.
दुसरं, पंचेचाळिशीनंतर इतकं जात असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात. कॅन्सरची शंका तिथं फिटते. फायब्रॉईडमध्ये कॅन्सर निघणं फार क्वचित, पाळी गेल्यानंतरही गाठ वाढत राहिली तर मात्र दाखवायलाच पाहिजे. ही गाठ इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढते, पाळी गेली की ते कमी होतं, आणि आईचं वय ४६, म्हणजे रक्तस्राव आवरला तर पाळी जाईपर्यंत थांबूनही बघता येतं. गाठ पिशवीच्या आत कितपत घुसलीय ते विचारा, त्यावर बरंच ठरतं. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण पेपरात आलेलं आठवतं का? कॅन्सरच्या भीतीनं पिशव्या काढून घेतलेल्या, काही तर ऐन तरुण होत्या. तसं घाईनं सही करू नका. काढ्याचं म्हणाल तर त्यात महिने जातात आणि रक्त जातच राहतं.

अक्कलकोटरोड७१:
सिस्टरचं पटतंय, पण ऑपरेशनच नको असंही कुणी मनात धरू नका. माझ्या बहिणीनं दोन वर्षं गोळ्यांवर काढली, शेवटी जिना चढवंना, तीन बाटल्या रक्त लागलं. पिशवी काढली, अंडाशयं चांगली होती ती ठेवली, दीड महिना जड उचलायचं नाही म्हणून घागरसुद्धा आम्ही भरायचो. आता ठणठणीत आहे. ऑपरेशन ठरलंच तर सिव्हिलमध्ये आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड न्या, महात्मा फुले योजनेत बसतं का ते तोच सांगेल.

विडीघरकुलची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार. मंगळवारी सिव्हिलला गेलो. तुकडा तपासायला घेतलाय, लोहाचं पहिलं सलाईन झालं, सोबत लोहाच्या गोळ्यापण दिल्यात. तिथल्या मॅडम म्हणाल्या गाठ भिंतीत आहे, आत फार आलेली नाही, रिपोर्ट आला की मिरेनाचं ठरवू. काकूंचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं तिनं. सिस्टर, एक विचारायचंय, गोळी सुरू केल्यापासून तिला काळी शी होतीय, ते चालतं का?

वॉर्डातली_सिस्टर:
चालतं, लोहानं होते तशी. अगदी डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल तर मात्र लगेच दाखवा. आणि गोळी चहासोबत देऊ नका, लिंबूपाण्यासोबत द्या. रिपोर्ट आला की इथं लिहा.