इन्व्हर्टरची आकडेवारी स्वतःच्या घरातच साठवावी का?

गच्चीवाला, पुणे

नमस्कार मंडळी. गेल्या डिसेंबरात आमच्या गच्चीवर 540 वॉटची सहा पॅनेल आणि 3 किलोवॉटचा ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीऐवजी वीज कंपनीच्या तारांशी जोडलेला, इन्व्हर्टर बसवला. सूर्यघर योजनेचे 78,000 रुपयांचे अनुदानही खात्यात जमा झाले. संचाबद्दल माझी काही तक्रार नाही. जी आहे ती त्याच्यासोबत आलेल्या अॅपबद्दल आहे. इन्व्हर्टरच्या तळाशी लावलेले वायफाय डोंगल दर पाच मिनिटांनी आकडे परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरवर पाठवते आणि आपल्याच जिन्यातल्या यंत्राने किती वीज केली हे पाहण्यासाठी आपल्याला त्या सर्व्हरचे दार ठोठवावे लागते. मध्यंतरी रस्ता खोदताना आमच्या इंटरनेटची केबल तुटली, तेव्हाचे चार दिवस आलेखात कोरेच राहिले आहेत.

पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअरचेच काम करतो आणि छंद म्हणून एका जुन्या लॅपटॉपवर होम असिस्टंट हे घरातली उपकरणे एकत्र जोडणारे सॉफ्टवेअर चालवतो. सध्या त्याच्याकडे जिन्यातला दिवा आणि पाण्याच्या टाकीची पातळी एवढीच जबाबदारी आहे. इन्व्हर्टरमधून आरएस-485 या प्रकारच्या दोन तारांच्या जोडणीने, मॉडबस ही यंत्रांची भाषा वापरून थेट आकडे वाचता येतात असे कळते. हा खटाटोप करण्यात अर्थ आहे का, की केवळ हौस म्हणूनच त्याकडे पाहावे?

जाता जाता आणखी दोन शंका विचारतो. अॅपमधला उत्पादनाचा आलेख दुपारी तीनच्या सुमारास शिखर गाठतो, त्यामुळे पॅनेल पश्चिमेकडे वळवून बसवली की काय अशी शंका येते. शिवाय मार्चमध्ये अॅपने 352 युनिट उत्पादन दाखवले, पण वीजबिलावर निर्यात फक्त 214 युनिट आहे. उरलेले 138 युनिट गेले कुठे?

तारतंत्री, नाशिक

आधी शंकांचे पाहू, कारण दोन्हींत बिघाड काहीच नाही.

भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावर मोजली जाते आणि पुणे 74 अंशांच्या जरा अलीकडे आहे. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर पुण्यात सूर्य मध्यावर येतो तो सरासरी 12 वाजून 35 मिनिटांनी. अनेक इन्व्हर्टरांचे घड्याळ कारखान्यातून चीनच्या वेळेवर लावून येते आणि ती वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. तेव्हा तुमचे शिखर 3 वाजून 5 मिनिटांच्या आसपास असेल, तर अॅपमध्ये जाऊन टाइम झोन बदलावा, म्हणजे काम झाले. पॅनेल खरोखर पश्चिमेकडे असती, तर सकाळची चढण संथ आणि संध्याकाळची उतरण तीव्र दिसली असती. आलेख आहे तसाच्या तसा पुढे सरकला नसता.

138 युनिटही कुठे हरवलेले नाहीत, ते तुम्हीच वापरले आहेत. दिवसा फ्रिज, पंखे, मोटर यांनी घेतलेली सौरवीज नेट मीटरपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे बिलावर फक्त बाहेर गेलेली आणि बाहेरून आलेली वीज दिसते. उत्पादनातून निर्यात वजा करून त्यात आयात मिळवली, की घराचा खरा वापर निघतो. हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे, कारण सौर बसल्यावर बिल शून्याकडे जाते आणि दिवे मालवण्याची जुनी सवयही त्याच्यासोबत जाते.

मॉडबसवेडा, सांगली

खटाटोप जरूर करा, पण सावधपणे करा. मी ईएसपी-32 ही वायफाय असलेली छोटी संगणक-चिप आणि 3.3 व्होल्टवर चालणारे आरएस-485 मॉड्यूल वापरले. पहिल्या रात्री काहीच आले नाही, कारण ए आणि बी या तारा उलट जोडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आकडे आले ते शेजारच्या रजिस्टरचे (रजिस्टर म्हणजे इन्व्हर्टरमधला आकडा ठेवण्याचा क्रमांकित कप्पा), कारण माहितीपत्रकातली मोजणी एकपासून होती आणि तारेवरची शून्यापासून. तिसऱ्या दिवशी मात्र मजाच झाली. एकूण उत्पादन 1,842 युनिट असायला हवे होते आणि पडद्यावर 12,07,17,312 युनिट झळकले. कोयनेच्या 1,960 मेगावॉटच्या प्रकल्पाला एवढ्या विजेसाठी पूर्ण क्षमतेने अडीच दिवसांहून अधिक चालावे लागेल, आणि इथे ती आमच्या गच्चीने चार महिन्यांत केली होती! झाले होते असे, की 32 बिटांचा आकडा 16 बिटांच्या दोन रजिस्टरांत विभागलेला असतो आणि मी ती दोन्ही उलट्या क्रमाने वाचत होतो.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. फक्त वाचनाचे आदेश, म्हणजे फंक्शन 3 आणि 4, वापरावेत. लिहिण्याच्या 6 आणि 16 च्या वाटेला जाऊ नये, कारण ग्रिडच्या संरक्षणाची सेटिंग्जही त्याच रजिस्टरांच्या रांगेत असू शकतात. आणि इन्व्हर्टरचे झाकण उघडू नये. वॉरंटीचा प्रश्न तर आहेच, पण तुमच्या सहा पॅनेलांच्या मालिकेत उन्हात जवळपास 300 व्होल्ट डीसी असतो आणि एसी बाजूचा स्विच पाडला म्हणून तो नाहीसा होत नाही.

लॅपटॉप वापरताय हे उत्तम, कारण वीज गेली तरी त्याची बॅटरी नोंदी सांभाळते, जरी त्या वेळी ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःच बंद पडलेला असतो. होम असिस्टंट तपशीलवार नोंदी मुळात दहाच दिवस ठेवते आणि पुढे तासातासाची आकडेवारी जपते, एवढे ध्यानात असू द्या. डोंगल ज्या पोर्टवर आहे त्याच पोर्टवर दुसरा वाचक जोडू नका, कारण दोघे एकदम बोलू लागले की कोणाचेच ऐकू येत नाही.

उन्हाळकरीण, नागपूर

पैशांसाठी करणार असाल तर राहू द्या, असे मी म्हणेन. साध्या नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेले युनिट रात्री युनिटाच्या बदल्यात परत मिळते, त्यामुळे उत्पादन बघून गिझर लावण्यासारखी स्वयंचलित करामत बिलात फारसा फरक पाडत नाही. माझ्या घरात तर उलटेच झाले, सासूबाई मिक्सर लावण्यापूर्वीही आलेख विचारू लागल्या.

मला उपयोग झाला तो बिघाड शोधण्यासाठी. एप्रिलमध्ये ऊन फेब्रुवारीपेक्षा प्रखर असूनही दुपारचे उत्पादन कमी दिसत होते. त्यातला एक भाग साहजिकच होता. पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानावर मोजतात आणि पुढे प्रत्येक अंशाला सुमारे 0.35 टक्के घट येते. तापून पॅनेल 65 अंशांवर गेले, की 14 टक्के तिथेच जातात. पण माझी घट त्याहून बरीच जास्त होती आणि अॅप फक्त दिवसाची बेरीज पुढे करत होते. दर दहा सेकंदांनी व्होल्टेज नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा साडेअकरा ते एकच्या दरम्यान ते 246, 250 असे चढत 253 च्या पुढे गेलेले दिसले. तिथे इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बंद होई, काही मिनिटांनी पुन्हा जागा होई आणि पुन्हा बंद पडे. आमच्या गल्लीत सात घरांवर सौर आहे आणि दुपारी घरे रिकामी असतात, त्यामुळे सगळ्यांची वीज एकाच बारीक तारेत लोटली जाते आणि तिथले व्होल्टेज चढते.

वीज कंपनीकडे केलेल्या तोंडी तक्रारीला मला दोनदा ‘तुमच्याच इन्व्हर्टरचा दोष’ असे उत्तर मिळाले होते. तिसऱ्या वेळी आठ दिवसांचा आलेख छापून नेला, तेव्हा माणूस येऊन ट्रान्सफॉर्मरचा टॅप, म्हणजे त्याचे व्होल्टेज कमी-जास्त करण्याची सोय, एक पायरी खाली करून गेला. आता दुपारचे व्होल्टेज 244 च्या वर क्वचितच जाते.

गच्चीवाला, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. शिखर 3 वाजून 10 मिनिटांवर होते, टाइम झोन बदलला. आताच जिन्यात जाऊन पाहिले, तर इन्व्हर्टरच्या तळाशी दोन जोडण्या आहेत, एकीवर डोंगल आहे आणि दुसरीवर रबरी बूच. माहितीपत्रकात दुसरी आरएस-485 चीच दाखवली आहे. मॉड्यूल मागवले आहे. युनिटांच्या आधी आता व्होल्टेजचेच रजिस्टर शोधणार आहे, कारण आमच्या मागच्या सोसायटीवरही गेल्या महिन्यात पॅनेल चढली आहेत.