पासपोर्टची कामे ऑनलाइन झाली, तरी लोक सायबर कॅफेकडेच का वळतात?

प्रश्न
नमस्कार. पासपोर्टचा अर्ज, शुल्क आणि अपॉइंटमेंट हे सारे घरबसल्या होते, २०१८ पासून देशात कुठूनही मोबाइल ॲपवरून अर्ज करता येतो, आणि तरीही आमच्या तालुक्यात ३६ पानी पुस्तिकेच्या १,५०० रुपयांवर वेगळे पैसे मोजून लोक अर्ज दुसऱ्याकडूनच भरून घेतात. जी माणसे भाजीवाल्याला मोबाइलवरून पैसे देतात, ती इथेच का बिचकतात? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
माझ्या मते भीती मोबाइलची नसून नावाची आहे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी रीत. अर्जात मात्र आडनावाचा एक रकाना आणि बाकी सगळ्या नावाचा दुसरा. त्यातच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, आधारवर आणि पॅनवर स्पेलिंग तीन तऱ्हेचे असले, तर कोणते खरे धरायचे हे पडद्यावर कोणी सांगत नाही, आणि छापून आलेली चूक दुरुस्त करायची म्हणजे नव्याने अर्ज करणे आले. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची अडचण तर याहून मोठी आहे.

प्रतिसाद २
वरील मुद्दा पटला. मात्र अपॉइंटमेंटच्या दिवशी पासपोर्ट सेवा केंद्रातील 'ए' काउंटरवर फोटो, बोटांचे ठसे आणि कागदपत्रांचे स्कॅनिंग होते, तेव्हा भरलेली माहिती अर्जदारालाही पडद्यावर दिसते. ती अक्षर न् अक्षर वाचून चूक तिथल्या तिथे सांगावी. त्यापुढे 'बी' आणि 'सी' काउंटरवर सरकारी अधिकारी असतात. ही पायरी आधी ठाऊक असेल, तर निम्मी धास्ती उरत नाही. दुर्दैवाने ती कोणी समजावून सांगत नाही.

प्रतिसाद ३
२०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्ट सेवा केंद्रे उघडू लागली, तेव्हा आमच्या भागातील वडीलधारी मंडळी निःशंकपणे गेली, कारण जागा ओळखीची होती आणि विचारायला समोर माणूस होता. त्यामुळे अशा केंद्रांत मराठीतून मदत करणारा एक टेबल असावा, असे मला मनापासून वाटते. बिचकण्याला आणखी एक सबळ कारण आहे: पासपोर्टच्या नावाने चालणारी बनावट संकेतस्थळे. याबाबत परराष्ट्र मंत्रालयानेही सावध केले आहे. पैसे भरण्यापूर्वी संकेतस्थळाचा पत्ता 'पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन' असाच आहे ना, हे प्रत्येकाने तपासावे.