चॅम्पियन हिल : व्हिक्सबर्गचा निकाल तिथेच लागला का?

अमळनेरकर : अमेरिकेच्या यादवी युद्धावर वाचतोय. मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग या दक्षिणेच्या शहराच्या वेढ्यावर भरपूर मिळतं, पण १६ मे १८६३ च्या चॅम्पियन हिलच्या लढाईला दोन ओळी. एवढी महत्त्वाची होती का ती? आणि आपल्याकडे कपाशीला सोन्याचा भाव आला तो याच लढायांमुळे ना?

बोरीकाठचा : भाऊ, माझ्या मते निकाल तिथेच लागला. उत्तरेचा सेनापती ग्रँट, त्याच्याकडे ३२ हजार माणसं; दक्षिणेचा पेम्बर्टन, त्याच्याकडे साधारण २२ हजार. पण पेम्बर्टन खरा अडकला तो दोन हुकमांत. दक्षिणेचा अध्यक्ष डेव्हिस म्हणे व्हिक्सबर्ग सोडू नको, पेम्बर्टनचा वरिष्ठ सेनापती जॉन्स्टन म्हणे बाहेर पड आणि मला येऊन मिळ. त्यानं तिसरंच केलं, ग्रँटची रसद तोडायला निघाला. १५ तारखेला वाटेत बेकर्स क्रीकला पूर, पूल वाहून गेलेला, कित्येक तास तिथेच गेले. मी कापसाची ट्रॉली घेऊन जिनिंगला जाताना नाल्याच्या फरशीवर असाच अडकलोय. पाणी उतरेपर्यंत ट्रॅक्टरवर बसून राहायचं, दुसरं काही करता येत नाही. म्हणून हे वाचताना मला पेम्बर्टनची फार कीव आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जॉन्स्टनचा हुकूम पुन्हा आला, म्हणून फौज माघारी वळवायला घेतली आणि तेवढ्यात ग्रँट येऊन भिडला. उत्तरेच्या होवीच्या माणसांनी टेकडी घेतली, दक्षिणेच्या बोवेननं ती परत हिसकावली, मग उत्तरेच्या ताज्या कुमकेनं पुन्हा घेतली. एकट्या होवीच्या डिव्हिजनमधला जवळपास दर तिसरा माणूस मेला किंवा जखमी झाला. दक्षिणेच्या लोरिंगची डिव्हिजन मागे तुटून राहिली, ती व्हिक्सबर्गला पोचलीच नाही. उरलेले शहरात कोंडले गेले आणि ४ जुलैला शरण आले.

अमळनेरकर : आणि कपाशी?

बोरीकाठचा : तिथे गल्लत होतेय. भाव चढला तो १८६१ पासून उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली म्हणून. इंग्लंडात लिव्हरपूलच्या कापूस बाजाराला माल कमी पडला आणि खानदेश-वऱ्हाडच्या गाठींना गिऱ्हाईक आलं. व्हिक्सबर्ग पडल्यावरही तेजी टिकलीच, मंदी आली ती १८६५ मध्ये युद्ध संपताना.

चाळीसगावची ताई : दादा, एक भर घालते. कसारा घाटातून रेल्वे सुरू झाली तीही १८६५ मध्येच. म्हणजे तेजीच्या वर्षांत आपला कापूस घाट उतरला तो बैलगाड्यांवर.

बोरीकाठचा : ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गाडी आली त्याच साली भाव पडला. त्या शेतकऱ्यांचं काय झालं असेल, तेच डोक्यात घोळतंय.