अनुभव धागा : दुसऱ्यासाठी धाव भरवताना

वेळापूरच्या अलीकडे पालखीच्या वाटेवर एक उतार आहे. तिथे वारकरी चालत नाहीत, पळतात. तिथल्या टेकडीवरून तुकोबारायांना विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते पंढरपूरच्या दिशेने धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून माउलींच्या सोहळ्यात आजही तिथे ‘धावा’ होतो. मराठीत देवाला हाक मारणं म्हणजेही धावाच. हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

मी सासवडचा. आम्ही दहा-बारा जण पाच वर्षं एक छोटी धाव भरवतो, ५ आणि १० किलोमीटरची. जमेल ते पैसे गावातल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला जातात. तुमच्यापैकी कुणी अशी धाव भरवली असेल, पाण्याच्या टेबलावर उभं राहिलं असेल, पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरलं असेल, तर लिहा. श्रद्धा म्हणजे देवावरचीच असं नाही, जी असेल ती. फसलेलंही लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. पहिल्या वर्षी ऊन टाळायला धाव पहाटे साडेपाचला ठेवली. परवानगीच्या कागदांवर सह्या करताना लक्षात आलं की रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तीनशे माणसांना अंधारात सूचना द्यायच्या कशा? आमचे वडील दिंडीत वीणेकरी. ते म्हणाले, “समाजआरतीला चोपदार काय करतात ते बघितलंय ना?” पालखी तळावर आली की चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त राखणारे, हातातला दंड वर करतात आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. आम्ही तेच केलं. एक भाऊ खुर्चीवर चढला, काठी वर धरली. पुढची रांग गप्प झाली, मग मागची, मग पार चहाच्या टपरीपर्यंत शांतता. साध्या आवाजात सूचना दिल्या, सगळ्यांना ऐकू गेल्या.

तळावरची आणखी एक रीत आम्ही उचलली. चोपदारांनी दंड वर केल्यावरही ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, ऐकून घेतात, हरवलं-सापडलं पुकारतात. आम्ही धाव संपल्यावर सगळ्या स्वयंसेवकांना शाळेच्या वर्गात बसवून एकेक टाळजोडी हातात दिली. ज्याला बोलायचंय त्याने वाजवत राहायचं. तीन टाळ थांबले नाहीत. त्यातला एक अकरावीतल्या मुलीचा होता. तिला ५ किलोमीटरच्या वळणावर उभं केलं होतं आणि धाव संपल्याचं सांगायला कुणी गेलंच नाही. ती साडेअकरापर्यंत उन्हात होती. दुसऱ्या वर्षापासून शेवटच्या माणसामागे लाल झेंडा लावलेली सायकल असते. ती पुढे गेली की मगच त्या ठिकाणचं टेबल उचलायचं.

आता तुम्ही लिहा.

वसई

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात धाव होते, डायलिसिसच्या रुग्णांसाठी. पहाटे साडेचारला स्वयंसेवकांची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना), सव्वापाचला सगळे आपापल्या जागी. मी शाळेत शिकवते, नोंदणीचं टेबल माझ्याकडे असतं.

पहिली बैठक टी-शर्टवरूनच तापली. प्रवेशशुल्क दोनशे आणि टी-शर्टला एकशे चाळीस जाणार, तर रुग्णांना काय उरणार? तरुणांचं म्हणणं, टी-शर्ट नसेल तर कुणी येत नाही. शेवटी फादर म्हणाले, छातीवर कापडाऐवजी नाव लावा. म्हणजे प्रत्येकाने ज्याच्यासाठी धावायचं त्याचं नाव एका कागदावर लिहून पिनेने लावायचं. आमच्या युवक मंडळाच्या मुलांनी ती नावं हाताने लिहून दिली. चारशेच्या वर चिठ्ठ्या.

एक बाई आल्या, साठीच्या असतील. नवऱ्याचं नाव सांगितलं. आमच्या मुलीने लिहिलं, तर म्हणाल्या, “असं नाही. ते शेवटच्या अक्षराची वेलांटी फार लांब ओढायचे.” मुलीने चिठ्ठी फाडली, दुसरी लिहिली. तिसऱ्यांदा जमलं. मागे वीस माणसं उभी होती, पण एकानेही घाई केली नाही. त्या बाई ५ किलोमीटर चालल्या, धावल्या नाहीत, आणि चिठ्ठी परत मागायला नको म्हणून आधीच विचारून ठेवलं की ती घरी नेता येईल का.

हिशोबाची एक गोष्ट सांगते, उपयोगी पडेल. जमलेली रक्कम आम्ही रुपयांत जाहीर करत नाही. डायलिसिस बहुतेकांना आठवड्यातून तीनदा लागतं, एका वेळेस चारेक तास. आम्ही फळ्यावर ‘किती वेळा’ ते लिहितो आणि दर महिन्याला त्यातून खोडत जातो. मिस्सेनंतर लोक फळ्यापाशी थांबतात. पंचवीस उरले, अठरा उरले. खोडलेलं बघून लोक आपणहून पाकीट आणून देतात.

मिरज

आमच्या मोहल्ल्याला पाणी वाटायचं शिकवावं लागत नाही. मोहरमच्या सबीलीत, म्हणजे पाणपोईत, लहानपणापासून उभे आहोत. म्हणून धावेच्या लोकांनी चौथ्या किलोमीटरचं टेबल आम्हाला दिलं तेव्हा वाटलं, सोपं आहे.

सोपं नव्हतं. सबीलीत माणूस थांबतो, पितो, ग्लास परत देतो. इथे तो थांबतच नाही. पहिल्या पन्नास जणांचं निम्मं पाणी त्यांच्या अंगावर सांडलं. मग आमचे एक चाचा, सत्तरीचे, टेबलाच्या पुढे येऊन उभे राहिले. कागदी ग्लास अर्धाच भरायला लावला. बोटांनी धरायचा नाही, हात लांब करून सपाट तळव्यावर ठेवायचा. धावणारा वरून चिमटीत उचलतो, एक थेंब सांडत नाही. चाचा म्हणाले, “देनेवाले का हाथ नीचे रखो, बेटा. लेनेवाले का ऊपर रहने दो.”

त्यांनी ते पाण्यापुरतंच सांगितलं असेल. मी मात्र दुकानात सुट्टे पैसे परत देतानाही आता तळव्यावर ठेवून देतो. पोरं पण देतात.

अजून एक, टेबल वळणाच्या आधी लावू नका. वळणानंतर पन्नास पावलांवर लावा आणि शेवटचं टेबल मोकळं ठेवा. सगळे पहिल्याच टेबलावर गर्दी करतात.

डोंबिवली

मी भरवलेली नाही, धावले आहे. मुंबईची मोठी मॅरेथॉन २००४ ला सुरू झाली, आता ती जानेवारीत होते. तिथे एखाद्या संस्थेसाठी निधी जमवून धावता येतं. मी मतिमंद मुलांच्या एका शाळेसाठी नाव दिलं आणि घरी येऊन रडले. पैसे मागायचे कसे? आम्ही कुणाकडे कधी साखर मागितलेली माणसं नव्हेत. लिंक तयार केली, दीडशे जणांना पाठवली. चार दिवसांत तिघांनी दिले.

आईने विचारलं काय झालंय. सांगितल्यावर म्हणाली, “तुझी आजी नवरात्रात पाच घरी जोगवा मागायची, आठवतं? घरात पोतंभर ज्वारी असायची. तरी मागायची.” मला परडी आठवली, आणि शेजारच्या काकू आजीच्या पाया पडून पीठ घालायच्या ते आठवलं. मागणाऱ्याच्या पाया पडतात हे मी विसरले होते.

मग लिंक बाजूला ठेवली. पाच घरं ठरवली. फोन करून, वेळ विचारून, समोर बसून मागितलं. पाचव्या घरी माझे जुने साहेब. त्यांचा मुलगा अशाच शाळेत होता हे मला बारा वर्षं सोबत काम करून माहीत नव्हतं. त्यांनी चेक लिहिला आणि मग दीड तास मुलाबद्दल बोलले. पेडर रोडच्या चढावर लोक इमारतींतून उतरून संत्र्याच्या फोडी आणि बिस्किटं घेऊन उभे असतात. तिथे मला सगळ्यात जास्त त्या मुलाची आठवण झाली. दरवर्षी मी पाच घरंच करते. घरं बदलतात.

बार्शी

फसलेलं लिहा म्हणालात म्हणून लिहितो.

आमची संस्था नोंदणीकृत नव्हती. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात, तशी आम्ही घेतली, वीस पावतीपुस्तकं छापली, मुलांना वाटली. धाव झाली. रात्री हिशोबाला बसलो तर एक पुस्तक कमी आणि ७,४०० रुपये कमी. ज्याच्याकडे ते पुस्तक होतं तो मुलगा धावेलाही आला नव्हता, फोन बंद. बैठकीत कुणीतरी बोललं आणि मी गप्प राहिलो. गप्प राहिलो म्हणजे मान्यच केलं.

भगवंताच्या देवळाजवळ आम्ही हिशोबाचा कागद लावणार होतो. दोघांचं म्हणणं पडलं की तूट आपण खिशातून भरू आणि पूर्ण आकडा लावू. आमच्या खजिनदार मावशी तयार झाल्या नाहीत. “जे आलं नाही ते आलं असं लिहायचं नाही,” म्हणाल्या. ७,४०० येणे बाकी, असं लिहून कागद लावला. मुलाचं नाव मात्र त्यांनी कुणालाही घेऊ दिलं नाही.

नवव्या दिवशी मुलगा आला. आईला सोलापूरच्या दवाखान्यात दाखल केलं होतं, तिथेच होता. पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, नोटा रबराने बांधलेल्या. दवाखान्याची औषधं त्याने उधारीवर आणली होती, हे नंतर कळलं. या पैशांना हात लावला नव्हता. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं, काही बोलला नाही. पुढच्या वर्षी पुस्तक न्यायला मात्र आला.

नवीन भरवणाऱ्यांना एवढंच सांगतो, पावतीपुस्तकाचे क्रमांक लिहून ठेवा आणि रोख दर दोन दिवसांनी जमा करा, शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. संस्था ८०जी वाली असेल तर दात्याला आधीच सांगा की २,००० रुपयांवरची रोख देणगी करसवलतीत धरली जात नाही.

नाशिक

मी डॉक्टर आहे. देव मानत नाही, तरी लिहायला सांगितलंत म्हणून.

अशा धावेला रुग्णवाहिका बहुधा सुरुवातीच्या कमानीपाशी उभी करतात, कारण तिथे पाहुणे असतात. ती शेवटच्या टप्प्यात हवी. हृदयाचे गंभीर प्रकार धावेच्या अखेरच्या भागात जास्त होतात. रेघ ओलांडल्यावर एकदम थांबलं की पायांत रक्त साचतं आणि चांगला धडधाकट माणूसही कोसळतो. फोटोसाठी लोकांना उभं करू नका, चालतं ठेवा.

आमच्याकडे एका वर्षी अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ रेघेच्या दोनशे मीटर आधी पडले. नाडी नव्हती. मी पोहोचेपर्यंत जवळच्या स्वयंसेवकांनी छाती दाबायला सुरुवात केली होती. एक दूधवाले, एक पीटीचे सर आणि कॉलेजची एक मुलगी. आदल्या रविवारी दोन तास बाहुलीवर शिकवलं होतं, तेवढंच. मुलगी मोठ्याने मोजत होती, तीस झाले की पुन्हा एकपासून. शॉक देण्याचं यंत्र आलं, दुसऱ्या झटक्याला हृदय चालू झालं.

नंतर मी तिला विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, मनात रामरक्षा म्हणणार होते, पण मग मोजणं चुकलं असतं. तो माणूस आता बरा आहे. शिबिराला बाहुली तोच उचलून आणतो.

टोरांटो

इथे सप्टेंबरात टेरी फॉक्सच्या नावाने धाव होते, बहुतेकदा गणपतीच्या आगेमागे. कर्करोगाने उजवा पाय गेलेला हा मुलगा १२ एप्रिल १९८० ला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून निघाला, कृत्रिम पायावर रोज जवळपास एक मॅरेथॉन. प्रत्येक कॅनेडियनाकडून एक डॉलर, एवढंच त्याचं मागणं. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर, आणि थंडर बेजवळ थांबावं लागलं, कारण रोग फुप्फुसात गेला होता. १९८१ च्या जूनमध्ये तो गेला, तेवीस वर्षंही पूर्ण नव्हती. त्याच सप्टेंबरात पहिली धाव झाली.

या धावेला प्रवेशशुल्क नाही, आणि कुठल्या कंपनीची जाहिरात नाही. मी आधी सात वर्षं नोंदणीच्या टेबलावर पांढऱ्या टी-शर्टमध्ये बसले. कर्करोगातून उठलेल्यांना लाल टी-शर्ट असतो. गेल्या वर्षी माझ्याच शेजारी बसणाऱ्या कॅनेडियन आजींनी न विचारता लाल टी-शर्ट माझ्या मापाचा काढून ठेवला होता. आदल्या दिवशी घरी आरती झाली होती, हाताला अजून कापराचा वास होता. टी-शर्ट चढवताना तो वास आला.

सासवड, सध्या पुणे

दादा, ती अकरावीतली मुलगी मी. आता नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तुम्ही लिहिलंय ते सगळं बरोबर नाही.

धाव संपल्याचं मला कळलं होतं. साडेनऊला टेम्पो टेबल न्यायला आला, काका चल म्हणाले. मीच नाही म्हटलं. वळून गेलेल्यांचे क्रमांक वहीत लिहायचं काम मला दिलं होतं आणि एक क्रमांक राहिला होता, २१७. नऊवारीतल्या त्या आजी. एका डोळ्याचं झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. सकाळीच मला म्हणाल्या होत्या, माझ्यासारखीसाठीच पळताय, तर मी घरी कशी बसू.

त्या सव्वादहाला आल्या. मी क्रमांक लिहिला आणि त्यांच्याबरोबर परत चालायला लागले. कऱ्हेच्या पुलावर दोनदा बसलो. साडेअकराला पोहोचलो तेव्हा कमान उतरवलेली होती, दोऱ्या गुंडाळून झाल्या होत्या, खुर्च्या टेम्पोत चढत होत्या. आजींनी विचारलं, “कुठपर्यंत जायचं असतं गं?” मी जमिनीवरची फक्कीची रेघ दाखवली. निम्मी पुसली होती. त्या रेघेवर दोन्ही पाय ठेवून उभ्या राहिल्या, वाकल्या, रेघेला हात लावून तो कपाळाला लावला.

माझा टाळ त्यासाठी वाजत होता. त्या दिवशी रडू येत होतं म्हणून नीट सांगता आलं नाही. यंदा मी येते आहे. लाल झेंड्याची सायकल मला द्या, आणि कमान मी परत येईपर्यंत उतरवू नका.